शिक्का असेपर्यंत

सुजातानं साबणाच्या वड्या ट्रंकेतून काढल्या आणि न्हाणीतल्या फळीवर ओळीनं रचून ठेवल्या. ती काही बोलली नाही, पण तारनाक्याच्या त्या तीन खोल्यांच्या घरात सगळ्यांना कळलं की तिच्यापुरता निकाल लागला आहे. दीक्षा परत जाणार नाही.

वड्या दीक्षानं आठवड्यापूर्वी सुलतान बाजारातून आणल्या होत्या. सोव्हिएत देशातल्या खार्कोवला ती डॉक्टरकी शिकत होती, आणि तिथं साबण मिळत नव्हता, साबणाचं कूपन मिळत होतं. कूपन घेऊन रांगेत उभं राहायचं, तीन तासांनी दुकानाच्या दारापर्यंत पोचायचं आणि आत गेल्यावर कळायचं, साबण काल आला होता. पहिल्यांदा सुट्टीवर आली तेव्हा हीच पोरगी तिकडून सगळ्यांसाठी गुलाबी कागदातले साबण घेऊन आली होती. सुजातानं त्यातली एक वडी अजून साड्यांच्या थरात ठेवली होती. आता इथून तिकडे साबण न्यायचा होता. त्या देशाचं काय झालं आहे हे कळायला सुजाताला रेडिओची गरज नव्हती.

"आई, मंगळवारची गाडी आहे," दीक्षा दारात उभी राहून म्हणाली.

"गाड्या रोज जातात."

"दिल्लीहून गुरुवारचं विमान आहे."

"विमानं बी रोज जातात. तू हो बाजूला, खीर उतू जाईल."

श्रावणातली पौर्णिमा रविवारी आली होती. भिक्खूंचा पावसाळ्यातला वर्षावास चालू होता, आणि या घरात वर्षावासाच्या प्रत्येक पौर्णिमेला वंदना, मग ग्रंथवाचन आणि मग खीर असा नेम होता. त्यासाठी धाकटा दीर गौतम बरकतपुऱ्याहून स्कूटरवर यायचा. आज खिरीसाठी येणारा माणूस भांडणासाठीही येणार होता, हे सुजाताला माहीत होतं. ते तिला हवंही होतं. सोमवारी मॉस्कोत बंड होऊन रणगाडे रस्त्यावर आले तेव्हा तिच्या बाजूनं बोलणारा गौतम एकटाच होता.

तिचा अंदाज चुकला. आल्या आल्या गौतमनं सॅन्डल काढले, तांब्याभर पाणी प्यायला आणि म्हणाला, "वैनी, पोरीला जाऊ द्या."

"काय?"

"रणगाडे परत गेले की. लोकांनी परत पाठवले. आता तिथं सगळं खुलं होणार. आपल्यासारखंच. अन् हिचं एकच वर्ष बाकी हाय. कायकू परेशान होता?"

सुजातानं पळी पातेल्यावर आपटली. "सोमवारी तुम्हीच म्हणला ना, पोरगी तोफेच्या तोंडी देता का म्हणून?"

"सोमवारी तोफ होती वैनी. आज रविवार हाय."

*

सुजाताचा नवरा संघपाल आतल्या खोलीत रेडिओजवळ बसला होता. रेडिओ बंद होता. मनगटावरच्या रशियन घड्याळाला त्यानं सकाळी चावी दिली नव्हती. सत्तावीस वर्षांत असं पहिल्यांदाच झालं होतं.

ते घड्याळ त्याला अठराव्या वर्षी मिळालं होतं, सरकारी औषध कारखान्याचं बांधकाम चालू असताना. रशियन इंजिनिअरांच्या हाताखाली तो नळ जोडायला शिकला, त्यांची पंधरावीस वाक्यं शिकला, आणि एकानं जाताना मनगटावरचं घड्याळ काढून त्याच्या मनगटावर बांधलं. महारवाड्यातल्या पोराच्या मनगटाला हात लावताना त्या माणसानं विचार केला नव्हता. संघपालचा पक्ष त्या दिवशी ठरला. युनियन पुढे आली, लाल झेंडा पुढे आला. भारत-सोव्हिएत मैत्री संघाच्या शिष्यवृत्तीवर मुलगी डॉक्टर व्हायला गेली तेव्हा कारखान्याच्या गेटवर पेढे वाटले गेले.

गेल्या महिन्यात दिल्लीत नवं औद्योगिक धोरण आलं आणि गेटवरची भाषा बदलली. कारखाना विकणार म्हणे. राजीखुशीनं घरी जा असा फॉर्म येणार म्हणे. पोरं येऊन विचारायची, "संघपालअण्णा, आपलं काय होणार?" तो सांगायचा, "काही होत नाही. अर्धं जग आपल्या बाजूनं आहे." सोमवारी रणगाडे रस्त्यावर आले तेव्हा, खरं तर, त्याला बरं वाटलं होतं. आता शिस्त येईल. त्या रात्री तोच दीक्षाला म्हणाला होता, "घाबरू नको, तू जा."

आणि काल रात्री बातमी आली. युक्रेननं आपण वेगळा देश असल्याचं जाहीर केलं. खार्कोव युक्रेनमध्ये होतं.

गौतमचा आवाज ऐकून तो बाहेर आला. "कुठं जाऊ द्या म्हणतोस? कोणत्या देशात?"

"भाऊ, तुम्हीच तर सोमवारी..."

"सोमवारी देश होता."

"अजून हाय की. गाव तिथंच हाय, कॉलेज तिथंच हाय."

"कॉलेजवर पाटी कोणाची आहे? डिग्री कोण देणार? जे सरकार सहा महिन्यांनी राहणार नाही, त्याचा कागद घेऊन ही इथं कुठल्या दवाखान्यात उभी राहणार? तुझ्या कॉम्प्युटर क्लासात?"

गौतमनं जूनमध्ये सरकारी नोकरीचा राजीनामा देऊन क्लास काढला होता, आणि मोठ्या भावानं अजून त्याची पायरी चढली नव्हती. गौतम हसला, पण कान लाल झाले. "माझ्या क्लासात या भाऊ. कारखाना विकल्यावर लागेल."

"गौतम," बाजेवरून निवृत्तीचा आवाज आला. एवढाच. पासष्ट वर्षांचा म्हातारा, रेल्वेच्या वर्कशॉपातून फिटर म्हणून निवृत्त झालेला. त्याला दोन्ही मुलगे कधीच घाबरले नव्हते, पण त्यानं नाव घेतलं की गप्प बसायचे.

*

चार वाजता वंदना झाली. सगळे पांढऱ्या कपड्यांत, बुद्धमूर्तीपुढे आणि बाबासाहेबांच्या फोटोपुढे मेणबत्त्या. संघपालच्या मायनं, मनकर्णानं, पांढऱ्या फडक्यातून बाबासाहेबांचा ग्रंथ काढला. ती एकसष्ट वर्षांची होती आणि चौदा वर्षांपासून वाचत होती. त्याआधी तिला अक्षर येत नव्हतं. रेल्वे क्वार्टर्समध्ये बायकांचा वर्ग निघाला तेव्हा पाटी घेऊन जाणारी ती सगळ्यांत म्हातारी विद्यार्थिनी होती. अजूनही ओळीखाली बोट ठेवल्याशिवाय तिला वाचता येत नसे. एका पौर्णिमेला दोन पानं व्हायची. कोणी घाई केलेली तिला चालत नसे.

आज पहिल्या पानावरच ती थांबली, कारण ऐकणारं कोणी नव्हतं.

"पासपोर्ट द्या, पप्पा," दीक्षा हळूच म्हणाली होती.

"वाचन चाललंय."

"तुम्ही ऐकत नाही आहात. पासपोर्ट कपाटात आहे, किल्ली तुमच्या खिशात आहे. मला द्या."

"देणार नाही."

मनकर्णानं बोट ओळीवर तसंच ठेवलं आणि मान वर केली.

"एक वर्ष थांब," संघपाल म्हणाला. "तिथं सगळं शांत होऊ दे. काय राहतं, काय जातं, बघू. मग ठरवू."

"एक सप्टेंबरला हजर नाही झाले तर नाव कापतात."

"कापू दे. इथं घे प्रवेश."

"पहिल्या वर्षाला? तेवीस वर्षांची आहे मी, पप्पा. सहा वर्षं मी तिथं काय केलं मग?"

"काय केलंस ते तू सांग!" संघपालचा आवाज चढला. "पत्रात तर सगळं छान होतं. वसतिगृह गरम, जेवण भरपूर, मास्तर प्रेमळ. गेल्या वर्षीपर्यंत छान होतं. एकाएकी साबण कसा संपला?"

दीक्षानं कपाटाकडे बघितलं. तिनं ठरवलं होतं, हे बोलायचं नाही. तीन आठवडे ती हे गिळून बसली होती. पण पासपोर्ट कपाटात होता.

"एकाएकी नाही संपला," ती म्हणाली. "तीन वर्षं झाली. मी लिहिलं नाही."

"काहून?"

"तुम्ही माझी पत्रं गेटवर वाचत होतात, पप्पा. मायक्रोफोनवर. तुम्हीच लिहिलं होतं की पाचशे माणसं ऐकायला थांबतात, टाळ्या वाजवतात. मग मी रांगा कशा लिहू? मी पत्र तुम्हाला लिहीतच नव्हते. गेटला लिहीत होते."

दीक्षा वडिलांसमोर सरकून बसली.

"आता खरं सांगू? नीना पावलोव्हना म्हणून आमच्या बाई आहेत, साम्यवाद शिकवायच्या. डॉक्टरकीच्या पोरांनाही तो पेपर असायचा. दोन वर्षांपूर्वी एक दिवस त्या वर्गात आल्या, पुस्तक मिटलं आणि म्हणाल्या, आज तुम्ही बोला, काहीही बोला, आता बोलायला परवानगी आहे. साठ पोरं होतो. एकही बोललं नाही. सगळे एकमेकांकडे बघत बसले, की पहिलं कोण. तास संपला. बाई रडत होत्या. मग तो पेपरच रद्द झाला. शाळांत तर इतिहासाची परीक्षा रद्द केली, कारण पुस्तकातला इतिहास खोटा होता म्हणे. माणसं ट्राममध्ये मोठ्यानं भांडतात आता, आधी कुजबुजायचीसुद्धा नाहीत. कुणी म्हणतं बरं झालं, कुणी म्हणतं आधीचं बरं होतं, आणि दोघंही घरी जाऊन मीठ साठवतात. कुणाला उद्याचं माहीत नाही. पण दवाखाना रोज उघडतो, पप्पा. सुया उकळून उकळून वापरतो आम्ही. आजारी माणसं येतात. मी सहा वर्षं तेवढं शिकले आहे. एक वर्ष राहिलं आहे."

संघपाल खाली बघत होता. गेटवरचे चेहरे त्याला दिसत होते. टाळ्या वाजवणारे. आपण त्यांना काय वाचून दाखवत होतो?

"मग तर नाहीच," तो शेवटी म्हणाला. "जिथं पुस्तक खोटं, तिथला कागद तरी कशाला पाहिजे? सगळं शांत झाल्याशिवाय माझी पोरगी तिकडं जाणार नाही. विषय संपला."

"बराबर," सुजाता म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदा नवऱ्याच्या आणि तिच्या तोंडी एकच वाक्य आलं होतं, आणि तरी तिला बरं वाटलं नाही. पोरीचं तोंड बघून वाटलं नाही.

*

मनकर्णानं ग्रंथ मिटला. पानात बोटाऐवजी काडेपेटी ठेवली, खूण म्हणून.

"संभा," ती म्हणाली.

संघपालनं चमकून बघितलं. दहाव्या वर्षी, धम्म घेतला तेव्हा, संभाचा संघपाल झाला. त्यानंतर मायनं या नावानं त्याला दोनतीनदाच हाक मारली असेल.

"तुझ्या बापाचा मिडल पासचा कागद कशानं गेला?"

"आता ते कशाला मधेच, माय?"

"सांग की."

"वाळवीनं खाल्ला. कंधारला असताना." ही गोष्ट दोघा भावांनी लहानपणापासून ऐकली होती. निवृत्ती निजामाच्या राज्यात, उर्दू शाळेत, वस्तीतला पहिला मिडल पास झाला होता. मास्तरांनी त्याला आपल्या घोड्यावर बसवून वस्तीपर्यंत आणलं होतं. मग कागदाला वाळवी लागली, आणि कचेरीत कारकून होणारा माणूस वर्कशॉपात खलाशी, म्हणजे फिटरचा हरकाम्या, झाला.

"वाळवीनं न्हाई खाल्ला. मी जाळला."

बाजेवर निवृत्ती हलला नाही.

"तू दोन वर्षांचा होतास, माझ्या कडेवर. फौज आली होती. निजामाचं राज्य गेलं म्हणून लोक नाचायले, अन् दुसऱ्या दिवसापून घरं धुंडायले. कुणीतरी बोललं, ज्याच्या घरी उर्दू कागद निघल तो रझाकारांचा. तुझा बाप शेतावर. मला अक्षर न्हाई. ट्रंकेत पाच कागद हुते, समद्यांवर तसलीच वाकडी अक्षरं. कोणता सावकाराचा, कोणता शाळंचा, मला काय कळणार? पाची चुलीत घातले. वर भाकरी भाजली. दुसऱ्या दिशी ह्यांला वाटलं ट्रंकेला वाळवी लागली. मी तसंच वाटू दिलं."

तिचे डोळे कोरडे होते. हे तिनं मनात इतक्या वेळा बोललं होतं, की पाणी कधीच आटलं होतं.

"म्हून मी म्हातारपणी पाटी धरली. तुमी समदे हसायचा, की माय कलेक्टर हुती का काय. मला फकस्त एवढंच यायला पाहिजे हुतं, की कागद हातात आला तर तो कशाचा हाय ते कळावं."

निवृत्ती उठून बसला. चष्मा काढून धोतरानं पुसला.

"मला ठाऊक होतं," तो म्हणाला.

मनकर्णा बाजेकडे वळली.

"कागद जळला तरी राखेत अक्षरं दिसत्यात. काळ्यावर काळी. मी सकाळी चूल सारवायला राख काढली, तवा माझं नाव वाचलं. फुंकर लागली अन् गेलं. वाळवी मीच म्हणलो, तू न्हाई."

"तेहेचाळीस वर्षं?"

"मग काय करायचं हुतं? तुला वाचता येत नव्हतं, ह्यात तुझी काय चूक? तू तर लेकरू वाचवायली हुतीस." तो मुलाकडे वळला. "पण संघपाल, एक चूक माझी हाय, ती ऐक. कागद जळला तरी शाळंच्या वहीत नाव हुतं. नक्कल मिळाली असती. पण मी म्हणलो, हे समदं शांत होऊ दे, मग जाऊ. दोन वर्षं थांबलो. गेलो तर मास्तर कराचीला गेलेले, वह्या कुठंतरी ढिगाऱ्यात. नवा साहेब म्हणला, ज्या सरकारनं दिला त्याच्याकडं माग. फौज आली त्याच महिन्यात गेलो असतो, तर जुना कारकून खुर्चीत हुता. शिक्का त्याच्या टेबलाच्या दराजात हुता. राज्य गेल्यावर बी शिक्का काही दिवस दराजात असतोय. मग कुणीतरी तो उचलतंय."

बाहेर शेजारच्या अम्माच्या रेडिओवर तेलुगू गाणं लागलं होतं.

"तू पोरीला तेच सांगायलास, जे मी माझ्या मनाला सांगितलं. शांत होऊ दे. शांत झाल्यावर तिथं दुसरेच लोक बसलेले असतात."

*

संघपाल किती वेळ तसाच बसला, ते त्याच्या घड्याळावरून कळलं नसतं. चावी न दिल्यानं ते दुपारीच बंद पडलं होतं. अर्धं जग आपल्या बाजूनं आहे, हे वाक्य त्यानं वीस वर्षं वापरलं होतं. त्या अर्ध्या जगाचं काय करायचं, हे त्याला आज कळत नव्हतं. पण पोरीचं काय करायचं, हे आता कळत होतं, आणि त्यासाठी जग लागत नव्हतं.

त्यानं खिशातून किल्ली काढली आणि दीक्षाच्या हातात न देता स्वतः उठून कपाट उघडलं. पासपोर्ट आणला. तिच्यासमोर ठेवला.

"पोचल्याबरोबर पहिलं काम वर्गात बसायचं नाही," तो म्हणाला. गेटवर मागण्या सांगायचा तसा, एकेक बोट दुमडत. "आधी कचेरी. सहा वर्षांचे मार्क, विषयवार. किती तास शिकवलं, तेही. प्रत्येक कागदावर आत्ताचा शिक्का. नवी पाटी लागली तर नव्या शिक्क्याची दुसरी प्रत. दोन्ही ठेव. कुणी म्हणालं आता एकच प्रत पुरे, तर ऐकायचं नाही."

"हौ," गौतम म्हणाला. "अन् त्या कागदांसाठी अर्ज मी आज टाइप करतो. इंग्रजीत. रशियन तू कर, पोरी. तारीख घाल, सही घे, पोच घे."

"तुझ्या क्लासात?" संघपालनं विचारलं.

"मग? मशीन तिथंच हाय."

"चल. मीबी येतो." तो पायात चपला घालू लागला. गौतमनं सुजाताकडे बघून भुवया उडवल्या. ती हसली नाही. तिचा निकाल अजून तिचाच होता.

"पप्पा," दीक्षा म्हणाली, "आता पत्रात खरं लिहीन."

संघपाल दारात थांबला. "लिही. गेटवर वाचीन." मग उंबऱ्याबाहेर पाय टाकत, "तेसुद्धा वाचीन. त्यांनाही कळू दे. फॉर्म आला की आमच्याही नोकरीचे कागद आधी हातात घ्यायला सांगतो सगळ्यांना."

स्कूटर सुरू झाल्याचा आवाज आला. मनकर्णानं काडेपेटी काढून पान उघडलं. निवृत्ती बाज सोडून तिच्या शेजारी सतरंजीवर येऊन बसला. एवढ्या वर्षांत तो वाचन बाजेवरूनच ऐकत आला होता. तिनं ओळीवर बोट ठेवलं आणि मघाशी जिथं थांबली होती, त्याच्या एक शब्द मागून सुरुवात केली.

दीक्षा पासपोर्ट धरून आईकडे बघत उभी होती. वडिलांनी दिला, काकानं साथ दिली, आजी-आजोबांनी त्रेचाळीस वर्षांचं झाकलेलं उघडं केलं. पण आईनं हो म्हटलं नव्हतं, आणि आईनं हो म्हटल्याशिवाय ती या घरातून कधी शाळेतही गेली नव्हती.

सुजाता उठली. न्हाणीत गेली. फळीवरच्या वड्या पदरात घेऊन बाहेर आली आणि ट्रंकेपाशी बसली. एकेक वडी स्वेटरांच्या घड्यांत, फुटणार नाही अशी, दाबून बसवू लागली.

"तिथं शिक्का कोण मारतं?" तिनं मान वर न करता विचारलं.

"डीनच्या कचेरीत एक बाई आहेत."

"लेकरं हायत का त्यांना?"

"दोन आहेत."

सुजातानं कपाटातल्या साड्यांच्या थरात हात घातला आणि इतकी वर्षं जपलेली गुलाबी कागदातली वडी काढली. ती ट्रंकेत सगळ्यांत वर ठेवली.

"ही त्यांची. आधी ही दे, मग अर्ज."